पाहिलेलाच पिक्चर पुन्हा पाहताना: लोकप्रिय चित्रपटाचा अर्थ शोधण्याची एक रीत

ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातून एका रविवारी चित्रपट दाखवला जातो. पडदा म्हणजे दोन पांढऱ्या चादरी एकत्र शिवून केलेला, प्रोजेक्टर एका सभासदाचा, आणि पावसाळ्यात हा सगळा सरंजाम खाली पार्किंगमध्ये हलतो. चित्रपट संपला की खुर्च्या उचलता उचलता साधारणपणे दोनच वाक्ये कानावर पडतात: "मजा आली" आणि "करमणूक आहे हो, त्यात एवढं डोकं कशाला लावायचं?" पहिल्या वाक्याशी माझा काहीच वाद नाही. दुसऱ्याबद्दल मात्र मला असे वाटते की जो चित्रपट तीस-पस्तीस वर्षे घराघरांत पुन्हा पुन्हा पाहिला जातो, त्याच्याकडे लोक निव्वळ हसण्यासाठी किंवा रडण्यासाठी परत जात नसावेत. त्याने आपल्या जगण्यातले काहीतरी नेमके पकडलेले असते. ते काय आहे हे शोधायला चित्रपटशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, थोडी चिकाटी आणि एकच चित्रपट दोनदा पाहण्याची तयारी एवढे पुरते. गच्चीवरच्या या रविवारांतून जी रीत हळूहळू हाती लागली, ती येथे क्रमाने मांडली आहे.

चित्रपट कोणता घ्यावा

पहिल्या प्रयत्नासाठी महोत्सवात गाजलेला, गंभीर म्हणून ओळखला जाणारा चित्रपट घेऊ नये. अशा चित्रपटाकडे आपण आधीच हात जोडून जातो आणि त्याच्याविषयी इतरांनी लिहिलेलेच आपल्याला दिसू लागते. त्याऐवजी ज्याचे संवाद घरातल्या लहान मुलालाही पाठ आहेत असा चित्रपट निवडावा. गोष्ट माहीत असली की "पुढे काय होणार" ही उत्सुकता उरत नाही आणि लक्ष मोकळे होते. मग पात्राच्या मागे भिंतीवर काय टांगले आहे, कोण बोलत असताना कोण गप्प आहे, हे दिसायला लागते. आम्ही सुरुवात 'अशी ही बनवाबनवी'पासून केली, कारण त्यात "अर्थ" वगैरे असेल अशी शंकाही कोणाला आली नव्हती.

वही कशी आखावी

पहिल्यांदा चित्रपट केवळ मजेने पाहावा. वही जवळसुद्धा ठेवू नये. जे पाहताना हसू आले नाही किंवा गळा दाटला नाही, त्याचा अर्थ शोधणे हे जेवल्याशिवाय स्वयंपाकाची समीक्षा करण्यासारखे आहे. दुसऱ्यांदा मात्र एकट्याने किंवा फार तर आणखी एकाला बरोबर घेऊन, रिमोट हातात ठेवून बसावे आणि वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: पहिल्यात चित्रपटाचा मिनिट, दुसऱ्यात प्रत्यक्ष काय दिसले किंवा ऐकू आले ते, आणि तिसऱ्यात मनात आलेला प्रश्न. अर्थासाठी रकाना ठेवू नये, हे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. "गरिबीचे प्रतीक" असे लिहिले की डोळे काम करणे थांबवतात; "खोलीत एकच खाट, बाकीचे जमिनीवर, कपडे दोरीवर" असे लिहिले तर तेच वाक्य पुढे दहा ठिकाणी उपयोगी पडते.

नोंद सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रापासून करावी. ते बहुतेक जण पाहतच नाहीत, पण त्यावर तारीख असते, आणि चित्रपट कोणत्या वर्षीच्या माणसांसाठी तयार झाला हे ठाऊक नसेल तर त्यातल्या निम्म्या गोष्टी निरर्थक वाटतात. पहिली दहा मिनिटे आणि शेवटची दहा मिनिटे लागोपाठ पाहून त्यांची तुलना करणेही फायद्याचे ठरते. कोण कुठून निघाला आणि कुठे पोहोचला, हे त्यात उघड होते.

अडचण काय आहे आणि ती कोणाची आहे

पहिला मोठा प्रश्न असा विचारावा: या चित्रपटातली माणसे कशासाठी धडपडत आहेत, आणि ती गोष्ट त्यांना सरळ मार्गाने का मिळत नाही?

'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, आणि मूळ कल्पना १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटाची. आपल्याला आठवतात ते अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे प्रसंग, साड्या, धावपळ. पण अडचणीचा प्रश्न विचारला की उत्तर एका शब्दात येते: खोली. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा नाही, आणि जी मिळण्याजोगी आहे तिची मालकीण लीलाबाई फक्त जोडप्यांनाच जागा देते. सगळी सोंगे, सगळ्या थापा, दोघांचे साडी नेसणे हे त्या एका अटीतून निघते. सबंध विनोदाचा डोलारा भाडेकरूच्या लाचारीवर उभा आहे.

येथे वही बाजूला ठेवून बाहेरची माहिती घ्यावी. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठवली आणि भाडेकरूला बाहेर काढणे अवघड केले. त्यामागचा हेतू भाडेकरूच्या रक्षणाचा होता, परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की मालक नवा भाडेकरू ठेवण्यापूर्वी दहादा विचार करू लागले, कोणी पागडी मागितली, कोणी माणसे पारखून घेऊ लागले. या कायद्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा, म्हणजे चित्रपटानंतर अकरा वर्षांनी आलेला. ही पार्श्वभूमी कळल्यावर चौघांना आधीच्या खोलीतून बाहेर काढणारा पडद्यावरचा मालक केवळ खाष्ट म्हातारा राहत नाही. त्याची भीतीही दिसू लागते, आणि प्रेक्षागृहात हसणाऱ्या कितीजणांनी त्या वर्षी स्वतः जागा शोधली असेल, असा विचार मनात येतो.

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला हा चित्रपट आणखी जवळचा वाटायला हरकत नाही, कारण या शहरातले अनेक जण गिरगाव, दादर, परळ येथे जागा पुरली नाही म्हणून इकडे आले. मी स्वतः लग्नापूर्वी घोडबंदर रस्त्यावर भाड्याची जागा शोधत होतो तेव्हा एका सोसायटीच्या सचिवांनी मला सदनिका दाखवली, पंखे लावून दाखवले, नळाचे पाणी दाखवले आणि दाराशी आल्यावर विचारले, "मिसेस कधी येणार?" मिसेस नाहीत म्हटल्यावर चावी खिशात गेली. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आला, पण तो प्रश्न अजून गेलेला नाही.

पुन्हा पुन्हा येणारी वस्तू

दुसरा टप्पा सोपा आहे, परंतु कंटाळवाणा. वहीतला दुसरा रकाना वरून खाली वाचावा आणि जी वस्तू, कृती किंवा शब्द तीनदा किंवा त्याहून अधिक वेळा आला असेल त्याखाली रेघ ओढावी. एकदा आलेली गोष्ट योगायोगाने आलेली असू शकते. तिसऱ्यांदा आली की ती कोणीतरी आणून ठेवलेली असते, आणि सलीम-जावेदसारख्या पटकथाकारांच्या बाबतीत तर हे खात्रीने म्हणता येते.

यश चोप्रा दिग्दर्शित 'दीवार' (१९७५) घ्या. विचारले तर दहापैकी नऊ जण ७८६ चा बिल्ला सांगतील आणि "आई" सांगतील. आमच्या गच्चीवर मात्र एक निवृत्त फिटर आहेत, ज्यांची सबंध नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात गेली. ते चर्चेत सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी खुर्ची घडी करता करता ते म्हणाले, "हा पिक्चर सहीचा आहे." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मग त्यांनी सावकाश सांगितले: कामगारांचा पुढारी असलेल्या बापाला कुटुंबाच्या जिवाची भीती घालून कागदावर सही करायला लावतात, त्या सहीने तो कामगारांच्या नजरेत चोर ठरतो, मुलाच्या हातावर ते गोंदले जाते, आणि पुढे पोलीस झालेला धाकटा भाऊ थोरल्यापुढे कबुलीजबाबाचा कागद ठेवून पुन्हा सहीच मागतो, तेव्हा थोरला म्हणतो की ज्यांनी आपल्या घराची विटंबना केली त्यांच्या सह्या आधी घेऊन ये. "आमच्याकडे व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, कागद आला होता ना," ते म्हणाले, "त्या दिवशी पेन हातात धरून मला आई नाही आठवली. तो बाप आठवला."

त्यानंतर मी तो चित्रपट पुन्हा पाहिला, आणि त्यांचे म्हणणे टिकते. गोंदलेली अक्षरे ही एका अर्थाने दुसऱ्यांनी मुलाच्या अंगावर केलेली सहीच आहे, कारण ती पुसता येत नाही आणि करताना त्याला कोणी विचारले नव्हते. कागदावरची सही कोणाची असते आणि हात कोणाचा धरलेला असतो, हा प्रश्न त्या चित्रपटात सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालू राहतो. त्याला दोन भावांची गोष्ट म्हणणे चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

प्रेक्षकाचे स्वतःचे आयुष्य ही अर्थाची एक वाट आहे, हे यातून दिसते. अट एवढीच की तुमची आठवण शेवटी पडद्यावरच्या एखाद्या ठरावीक प्रसंगापाशी येऊन थांबली पाहिजे. फिटरकाकांनी आधी प्रसंग सांगितला आणि मग व्हीआरएस सांगितली. उलट क्रमाने सांगितले असते तर ती फक्त त्यांची गोष्ट झाली असती.

कानांनी पाहणे

आपल्याकडे चित्रपट "बघायला" जातात, त्यामुळे आवाजाकडे दुर्लक्ष होते. यासाठी दोन प्रयोग करावेत. एखादा महत्त्वाचा प्रसंग आवाज बंद करून पाहावा, आणि नंतर तोच डोळे मिटून ऐकावा. ज्या ठिकाणी आवाज बंद केल्यावर प्रसंगातला जीव जातो, तेथे संगीत तुमच्या भावना हाकत होते असे समजावे.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ च्या एप्रिलअखेरीस लागला तेव्हा ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये मी तो पाहिला. 'झिंगाट' सुरू झाल्यावर पुढच्या रांगेतली पोरे उठून नाचली, मागून शिट्ट्या आल्या, एका आजोबांनी सुद्धा टाळ्या वाजवल्या. चित्रपट सुटल्यावर तीच पोरे सरकत्या जिन्यावर एकापाठोपाठ एक उभी होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. पार्किंगमध्ये गाड्यांच्या चाव्यांचा आवाज तेवढा येत होता.

वही घेऊन दुसऱ्यांदा पाहताना कळते की हे कसे घडवले आहे. पूर्वार्धात अजय-अतुल यांचे संगीत भरभरून आहे. व्हायोलिनांचा मोठा ताफा, संथ गतीने धावणारा नायक, विहिरीत मारलेली उडी. नायिका आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. आपण अशा गोष्टी पुष्कळ पाहिलेल्या असल्याने निर्धास्त होतो, कारण असे संगीत वाजत असताना प्रेमिकांचे वाईट होत नाही असे चित्रपटांनीच आपल्याला शिकवले आहे. मग दोघे पळून हैदराबादला जातात आणि गाणी थांबतात. उत्तरार्धात झोपडी आहे, नोकरी आहे, संशय आहे, भांडण आहे, भाषा न कळणे आहे, पण आधार द्यायला गाणे नाही. आणि अगदी शेवटी, खून झालेल्या आई-वडिलांच्या रक्ताने माखलेल्या पावलांनी लहान मूल बाहेर येते तेव्हा आवाजच काढून घेतलेला आहे. डोळे मिटून बसणाऱ्याला तेथे काहीही ऐकू येत नाही. त्याला डोळे उघडावेच लागतात. तीन तासांच्या थोडे आत आपल्याकडून आधी सूर, मग गाणे आणि मग आवाज असे एकेक काढून घेतले गेले, हे ध्यानात आल्यावर "शेवट धक्कादायक होता" हे वाक्य फारच तोकडे वाटू लागते.

दुसऱ्या पाहण्यात आणखी एक गोष्ट दिसते. पूर्वार्धातल्या त्या मौजेच्या मधोमध आर्चीचा भाऊ वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो. पहिल्यांदा पाहताना आपण तो प्रसंग ओलांडून पुढच्या गाण्याकडे जातो. शेवट तेथेच सांगून झाला होता. आपण ऐकला नाही, कारण आपल्याला गाणे हवे होते. माझ्या मते या चित्रपटाचा सर्वांत कठोर भाग तो आहे, आणि तो पडद्यावर जितका आहे तितकाच आपल्या खुर्चीवरही आहे.

हसू कोणाच्या खर्चाने येते

विनोदी चित्रपटासाठी हा प्रश्न अत्यावश्यक आहे. पुन्हा बनवाबनवीकडे वळू. साडी नेसलेल्या पुरुषांवर हसण्याची आपली सवय जुनी आहे, तशीच त्यांच्यावर भाळण्याचीही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती एका पुरुषाने, अण्णा साळुंके यांनी साकारली, आणि बालगंधर्वांच्या साड्यांची आणि दागिन्यांची नक्कल त्या काळच्या घरंदाज स्त्रिया करीत. चित्रपटातली सुधा (सचिन यांनी घेतलेले सोंग) या दुसऱ्या परंपरेतली आहे, देखणी आणि मर्यादशील, पार्वती (लक्ष्मीकांत बेर्डे यांचे) पहिलीतली. डोहाळजेवणाच्या 'कुणीतरी येणार येणार गं' या गाण्यात बायकांच्या सगळ्यात आतल्या समारंभात सोंग घेतलेला पुरुष पाटावर बसलेला असतो, आणि हसू पोटाशी बांधलेल्या खोट्या गर्भारपणाचे येते.

आता वहीत स्त्रीपात्रांची यादी करून प्रत्येकीसमोर तिच्या हातात काय आहे ते लिहावे. घर लीलाबाईंच्या हातात आहे. धनंजय मानेची (अशोक सराफ) नोकरी माधुरी मॅडमच्या हातात आहे. म्हणजे डोक्यावरचे छप्पर आणि महिन्याचा पगार, दोन्ही गोष्टी बायकांकडे, आणि पुरुष आर्जवे करणारे, लपणारे, पदर सावरणारे. हे सगळे ठरवून केले असेल असे मी म्हणणार नाही. पण पडद्यावर ते आहे, आणि पार्वतीच्या अंगावर हसणारा विनोदही त्याच पडद्यावर आहे. दोन्ही नोंदी वहीत शेजारी शेजारी राहू द्याव्यात. एकीने दुसरी खोडण्याची घाई करू नये.

काढलेला अर्थ तपासणे

हा टप्पा गाळला की माणूस हास्यास्पद होतो, आणि हे मी अनुभवाने सांगतो. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा आणि बनवाबनवी १९८८ चा, हे लक्षात आल्यावर मी दोन पाने भरून लिहिले की हा चित्रपट म्हणजे स्त्रीपार्टी नटांच्या परंपरेला जन्मशताब्दीनिमित्त केलेला मुजरा आहे. मग त्यासाठी चित्रपटातला एखादा प्रसंग, एखादा उल्लेख, भिंतीवरची एखादी तसबीर शोधायला बसलो. काही सापडले नाही. आकडे जुळले होते, एवढेच. दोन्ही पाने फाडली. त्याआधी एकदा एका जुन्या चित्रपटातल्या निळसर छटेवर मी बरेच काही बोललो होतो, आणि ती छटा आमच्या टीव्हीच्या सेटिंगमधली निघाली.

तपासण्याची रीत अशी. आपला अर्थ एका पूर्ण वाक्यात लिहावा. त्याला आधार देणारे तीन प्रसंग मिनिटांसह मांडावेत. तीन मिळाले नाहीत तर वाक्य सोडून द्यावे. नंतर मुद्दाम त्याच्या विरुद्ध जाणारा एक प्रसंग शोधावा आणि तो वाक्यात सामावतो का ते पाहावे. सामावत नसेल तर प्रसंगाकडे काणाडोळा करू नये, वाक्य बदलावे. दिग्दर्शकाला हे अभिप्रेत होते का, या वादात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मुलाखतीत ते काय सांगतात हे अवश्य वाचावे, पण पडद्यावर जे नाही ते मुलाखतीमुळे येत नाही आणि जे आहे ते जात नाही. काळाची पार्श्वभूमी, कायदे, रंगभूमीचा इतिहास यांसाठी मात्र ग्रंथालय गाठावे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचे आहे आणि तेथल्या कपाटांपुढे अर्धा तास उभे राहिल्यास मोबाइलवरच्या तासाभराच्या शोधापेक्षा अधिक हाती लागते, असा माझा तरी अनुभव आहे.

बोलणे आणि लिहून काढणे

चित्रपट संपल्यावर लगेच चर्चा सुरू करू नये. आम्ही तलावपाळीला एक फेरी मारतो, चहा घेतो आणि मग बोलतो. बोलताना एकच नियम: "मला वाटतं" म्हणणाऱ्याने "कुठे" हेही सांगायचे. घरी गेल्यावर पाच-सहा ओळींत आपले म्हणणे लिहावे. त्याहून जास्त लिहू नये, कारण लांबवले की पाल्हाळ येते आणि मूळ वाक्य हरवते.

बनवाबनवीच्या वेळी आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी, ज्यांची तीस वर्षे गिरगावातल्या चाळीत गेली, आपले वाक्य असे मांडले होते: "हे चौघे वाईट नाहीत, खोटं बोलतात ते फक्त डोक्यावर छप्पर हवं म्हणून." सर्वांनी माना डोलावल्या. त्यांचा भाचा कासारवडवलीला भाड्याने राहतो, तो म्हणाला, "मावशी, मग सत्तर रुपयांचं काय?" औषधासाठी घरमालकाने दिलेले सत्तर रुपये धनंजय माने "वारले" म्हणून सांगतो, हा तर चित्रपटातला सर्वांत गाजलेला विनोद. छपराचा आणि त्या थापेचा काही संबंध नव्हता. काकू गप्प झाल्या.

पुढच्या रविवारी त्या वही घेऊन आल्या. नवे वाक्य असे होते: "हे आधीपासूनच थापाडे आहेत, पण मालकापुढे खरं बोलणाऱ्याला जागा मिळत नाही हे आपल्याला माहीत असतं, म्हणून सत्तर रुपये बुडाले तरी आपण मालकाची बाजू घेत नाही." भाच्याने विचारले, "कुठे?" काकूंनी चष्मा लावला आणि पहिल्या रकान्यातले मिनिटांचे तीन आकडे वाचून दाखवले.